उजवी पाकळी

बुळकांडीची साथ आली आणि धनगरवाड्यातल्या म्हशी पटापट मेल्या. बनाबाईच्या गोठ्यात पारडूदेखील उरलं नाही. तरी ती रोज पहाटे उठून रिकामा गोठा झाडायची, नसलेल्या म्हशींखाली कोरडा पाला पसरायची आणि मगच चूल पेटवायची. वेल्ह्याच्या वरच्या डोंगरात, एकोणीसशे एकोणतीस-तीस सालच्या सुमारास, अशा बाईला वेडी ठरवायला कुणाला फार विचार करावा लागत नसे.

तिला आधार होता तो जनाईच्या कौलाचा. म्हशी गेल्या तेव्हा तिनं देवीच्या शेंदरी दगडावर फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून चिकटवल्या आणि विचारलं, "आई, माजी दावण पुन्ना भरंल का?" उजवी पडली. उजवी म्हणजे होय. पण एकदा कौल मिळाला की तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. विचारला तर देवी दिलेला शब्द मागे घेते, असं सगळा वाडा मानायचा.

त्याला दोन पावसाळे झाले. तूप नाही, तर विंझरच्या दुकानात नाचणीच्या बदल्यात द्यायचं काय? ती आणि नवरा रानातले करांद्याचे कंद उकडून खात, तेही आता मिळेनासे झाले.

"काय गं बने, आज दूद किती निगालं?" शेजारची फुलाबाई कुडावरून विचारायची.

"तुजं त्वांड बंद व्हईल येवढं!"

नवरा, सोनबा, थट्टा करत नसे. म्हणूनच त्याचं बोलणं लागायचं. एका सकाळी तो पहार घेऊन गोठ्यात शिरला. खालच्या मार्गासनी गावातल्या एका शेतकऱ्यानं त्याला सालावर, वर्षभराच्या कामाला, बोलावलं होतं, राहायला खोपटही देणार होता.

"खुटं उपटतो. जळणाला व्हतील. उद्या खाली जायाचं."

"अवं, आईनं शबुद दिलाय."

"मग म्हस येनार कुठनं? दगुड इनार हाय का? हाताकडं बग तुज्या. बांगडी कोपरापातूर चढतीया."

हेच तर ती स्वतःला रोज विचारत होती.

"दुपारपातूर थांबा," एवढंच म्हणून ती जनाईकडे निघाली.

पाकळ्या चिकटवल्या. विचारू नये ते विचारलं. एकही पडेना. ऊन चढलं, पाकळ्या कडेनं वळायला लागल्या, तरी दगडाला घट्ट.

"न्हाई तर न्हाई म्हन, आई. पर बोल!"

दगड गप्प. मग बनाबाई वाकली आणि तिनं उजव्या पाकळीवर फुंकर मारली. पाकळी पडली. पहिल्या वेळची कशानं पडली होती? त्या दिवशी वारा होता का? काही केल्या आठवेना.

ती परतली तेव्हा सोनबा गोठ्यात पहार मांडीवर घेऊन बसला होता. "काय म्हनाली?"

"उजवी दिली."

"पुन्ना इचारून बी?"

"व्हय."

कधी देवीपुढे धड हात न जोडणारा माणूस, त्याचे डोळे भरून आले. "मग आपुन कोन जानारं? मार्गासनीला सांगावा धाडतो, येत न्हाई म्हनून."

"अवं, ती पाकळी..." बनाबाई म्हणू लागली, तोवर तो उठला होता.

सोनबानं पहार कोपऱ्यात ठेवली, आढ्याला खोचलेला घायपाताचा वाख काढला आणि म्हशीसाठी नवं दावं वळायला बसला. किती दिवसांनी तो काहीतरी गुणगुणत होता. पण दावं एकट्यानं वळत नाही. बनाबाई त्याच्यासमोर बसली आणि तिनं दुसरं टोक हातात घेतलं.

"घट धर," तो म्हणाला.

तिनं घट्ट धरलं.