पोळ्याच्या दिवशीची दमणी

परदेशातून आलेल्या लिंडर साहेबाने कोणती गाडी घ्यावी, हा प्रश्न एके काळी चांदनीच्या आसपासच्या वस्त्यांत पोरीच्या स्थळाइतका चघळला जात होता. मध्यप्रांताचा मध्यप्रदेश होऊन थोडीच वर्षं झाली होती, राजधानी अजून नागपूरला होती, आणि नेपानगरला कागदाचा मोठा कारखाना उभा राहत होता. कारखान्याला लागणारं लाकूड जंगलातून बाहेर कसं काढायचं ते बघायला ऑस्ट्रियाचा हा उंच, लाल कानांचा माणूस बायकोसकट आला आणि जंगलाच्या कडेच्या बंगल्यात राहू लागला. तिथून चांदनीचं स्टेशन चार कोस. मध्ये एक नाला आणि बाकी सगळी काळी माती. पावसाळ्यात त्या मातीत बूट तिथंच राहतो आणि माणूस पुढे जातो.

साहेबाला न्यायचं-आणायचं काम कडूकडे आलं. बंगल्यामागच्या वस्तीत त्याचं घर होतं आणि दाराशी दमणी होती. दमणी म्हणजे माणसांनी बसायची हलकी, छताची बैलगाडी. कडूच्या आधीची तिन्ही लेकरं त्याच्या आईच्या, धुरपदाबाईच्या, हातून गेली होती. म्हणून चौथ्याचं नाव तिने कडू ठेवलं. यमाने तोंडात घातला तरी थुंकून टाकावा! यमाने तो खरंच थुंकला, आणि पोरगं तीस वर्षांचं बाप्या माणूस होऊन दमणी हाकू लागलं. साहेबाला ही गोष्ट कळली तेव्हा तो आधी हसला आणि मग त्याने धुरपदाबाईला वाकून नमस्कार केला.

उन्हाळ्यात साहेबाने गाडी घ्यायचं मनावर घेतलं आणि सल्ल्याला कडूला बरोबर घेऊन बऱ्हाणपूर गाठलं. आता ज्याचं पोट दमणीवर, त्यालाच मोटार निवडायला नेणं म्हणजे बोकडाला खाटकाची सुरी पारखायला सांगण्यासारखं. पण साहेबाला ते कुठलं कळायला! तिथल्या शनवारा वेशीजवळ एकाकडे लष्कराची जुनी जीप होती. कडूने तिच्याभोवती एक चक्कर मारली, चाकाला पायाने टोचलं आणि मान हलवली. पुढे एक मोटारसायकल पाहिली. तिथे तर कडूला हसूच आवरेना.

"साहेब, हे फटफटी नाल्यात बसली तं तुमाले तिला खांद्यावर घेऊन यावं लागंन."

टांगाही पाहिला. घोडं बरं होतं, पण घोड्याने काळी माती कधी तुडवली नव्हती. परतताना चांदनी स्टेशनाबाहेर साहेबाने कडूच्या खांद्यावर हात ठेवून आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, "कडू, सच बोलो. कौन-सी गाड़ी?"

कडूने बैलांकडे पाहिलं. राजा आणि पवळ्या, दोघं कान हलवत उभे होते. त्याच्या बोलण्यात स्वार्थ नव्हता असं नाही, पण खोटंही नव्हतं. "साहेब, बरसात में इधर मोटर नहीं चलती. अपनी दमनी है ना. दिन हो, रात हो, बारा महिने. कभी ना नहीं बोलूँगा."

साहेबाने त्या शब्दावर विसंबून जीपचा नाद सोडला. कडूने शब्द मनापासून दिला होता. बारा महिने म्हणताना त्यातून पोळा वगळायचा असतो, हे त्याच्या मनातही आलं नाही. आपल्याकडे ते कुणी कुणाला सांगत नाही, जन्मल्यापासून ठाऊक असतं. सांगायचं राहून गेलं ते एवढंच.

पाऊस लागला आणि कडूचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. कारखान्याचा ट्रक आठवडाभर नाल्याच्या काठावर रुतून बसला आणि त्याच्या शेजारून साहेबाची दमणी खुळखुळ घुंगरं वाजवत निघून गेली. साहेबाने ट्रकवाल्याला टोपी काढून सलाम केला. कडूची छाती दमणीत मावेना. तोवर मडमबाईला दिवस गेलेले सगळ्या वस्तीला ठाऊक झाले होते. गणपती झाले की तिला बऱ्हाणपूरला, दवाखान्याजवळ नेऊन ठेवायचं ठरलं होतं. कडूची बायको कोकिळा तिला रोज ताक नेऊन देई, आणि दोघी एकमेकींना न कळणाऱ्या भाषेत तासन्‌तास बोलत.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी कडूने बैलांना नाल्यावर धुतलं, त्यांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळलं आणि बापाने शिकवलेलं आवतण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतण दिलं की बैल पाहुणा. त्या खांद्यावर दुसऱ्या दिवशी जू ठेवायचं नाही, मग आभाळ कोसळो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बैल शिंगं रंगवून, झुली पांघरून दाराशी पुरणपोळी खात होते. वस्तीतले पुरुष आपापले बैल घेऊन चांदनीच्या वेशीवर, पोळ्याच्या तोरणाखाली मिरवायला पुढे गेले होते. मागे राहिले कडू आणि शेजारचा गोटू. तेवढ्यात साहेब गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून पळत आला. मडमबाईला सकाळपासून कळा सुटल्या होत्या आणि काहीतरी अडलं होतं. संध्याकाळची पॅसेंजर मिळाली तर बऱ्हाणपूरचा दवाखाना गाठता येणार होता.

"कडू, गाड़ी!"

कडूने आईकडे पाहिलं. धुरपदाबाई पुरणाचं ताट हातात धरून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आवतन देल्लं हाय, बापू." त्या एका वाक्यात कडूला आपली तीन मेलेली भावंडं दिसली. त्याच्या जिवासाठी तिने किती देवांना काय काय कबूल केलं होतं, कुणास ठाऊक.

मग त्याला एक गोष्ट सुचली. ती सुचल्याचं त्याला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्याने दमणीचं जू उचललं आणि स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

"गोट्या, तू तिकून लाग. आपन ओढू. बैलायले हात नई लावाचा."

साहेबाने बैलांकडे पाहिलं. धडधाकट, पोट भरलेले, दोन हातांवर उभे. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं आणि त्याने ते गिळलं. या मुलखात काय विचारायचं नसतं ते तो शिकला होता, आणि इथेच त्याचा घात झाला. त्याने कोट काढून फेकला आणि मागून दमणीला खांदा दिला. बंगल्यावरून मडमबाईला उचलून आत निजवलं. कोकिळा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

दोन माणसं जुवाखाली आणि एक मागे. पहिला कोस त्यांनी जिवाच्या आकांताने ओढला. पुढे माती चाकाला चिकटू लागली. दर थोड्या वेळाने थांबून हातांनी ती खरवडायची आणि पुन्हा ओढायचं. मडमबाई आधी ओरडत होती. नंतर ओरडेनाशी झाली, आणि कोकिळा आतून रडत म्हणू लागली, "अवो, लवकर करा ना!" नाल्यात चाक रुतलं. कडूच्या खांद्याची सालटं निघाली, पण त्याला ते कळलंच नाही. ते नाल्यातून वर निघाले तेव्हा पॅसेंजरची शिटी झाली. झाडांच्या वर धूर दिसला आणि बऱ्हाणपूरकडे सरकत गेला. साहेब धूर दिसेनासा होईपर्यंत उभा राहिला आणि मग पुन्हा दमणीला खांदा देऊन ढकलू लागला.

पुढे मालगाडीच्या गार्डने त्यांना डब्यात घेतलं. मडमबाई वाचली. मुलगी झाली होती, पण तिने श्वास घेतला नाही. थोडं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाला. डॉक्टर असं म्हणतात आणि हात धुऊन पुढच्या खाटेकडे जातात. ऐकणाऱ्याला ते जन्मभर पुरतं.

वस्तीत मात्र कडूचा जयजयकार झाला. बैलाचा मान राखला, शब्दही राखला, साहेबासाठी माणूस बैल झाला! चांदनीच्या पाटलाने त्याला नारळ दिला. कडूने नारळ घेतला, घरी आणला आणि फोडला नाही. लोक कौतुक करू लागले की तो उठून जाई. लोकांना वाटे, केवढा विनय!

दिवाळीनंतर साहेबाने जीप घ्यायचं ठरवलं. चांदनीपर्यंत जायला त्याने दमणीच मागवली. मातीचा रस्ता सुकून खडखडीत झाला होता आणि बैल मजेत चालले होते. नाला ओलांडल्यावर साहेबाने पहिल्यांदा आणि शेवटचं विचारलं, "कडू, उस दिन बैल होते, तो ट्रेन मिलती?"

कडूला नाही म्हणता आलं असतं. पावसाचं, मातीचं, नशिबाचं नाव घेता आलं असतं.

"मिलती, साहेब," तो म्हणाला.

साहेबाने मान हलवली. बऱ्हाणपूरला त्याने कडूला जीपपुढे उभं केलं आणि पूर्वीसारखंच विचारलं, "बोलो, कडू." कडूने या वेळी चक्कर मारली नाही. टपावर हात ठेवून म्हणाला, "ले लो, साहेब. इसका कोई सण नहीं होता." साहेबाला ते कळलं की नाही, देव जाणे. जीप बंगल्याकडे निघून गेली. कडू आगगाडीने चांदनीला उतरला आणि रिकामी दमणी घेऊन घरी आला.

वर्षभरात साहेब-मडम आपल्या देशी परतले. धुरपदाबाई त्यानंतर बरीच वर्षं जगली. शेवटच्या आजारात ती एकदा लेकाच्या खांद्यावरच्या वणावरून हात फिरवत म्हणाली, "येड्या, तू जुंपले असते तं मी काय तुले खाल्लं असतं? चार दिस रुसली असती. मी फकस्त सांगतलं व्हतं रे, तुले आडवलं नव्हतं."

कडू गोठ्यात जाऊन पोटभर रडला.

पुढे रस्ता झाला, मोटारी आल्या, दमणीत बसायला कुणी उरलं नाही. कडूने ती मोडली नाही. पोळ्याच्या दिवशी वस्तीतली सगळी जुवं घरात, भिंतीशी निजलेली असत. कडूचं तेवढं दाराशी, चाकांना वंगण घातलेल्या दमणीला बांधलेलं असे. म्हातारपणी लोक त्याला हसत. तो मात्र आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना लोणी चोळी, बापाचं आवतण देई आणि मग त्यांच्या कानाशी वाकून आपलं एक वाक्य जोडी.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. अन्‌ कोनी धावत-पयत आलं तं जेवता जेवता उठा, बाप्पा."