पुसलेलं पान

मी कृषी सहाय्यक आहे. माझ्याकडे सात गावं आणि एक मोटारसायकल, म्हणून सल्ला आता संगणकावरूनच द्यायचा असं ठरलं आहे. शेतकऱ्याने पानाचा फोटो पाठवायचा, मी कार्यालयात बसून कीड ओळखायची. कांताबाईंनी कपाशीचं पान पाठवलं. पडद्यावर चौपट मोठं करून पाहिलं, डागसुद्धा नव्हता. 'फवारणी नको,' असं कळवलं.

आठवड्याने त्यांच्या शेतात शिरलो, तर पानं आकसलेली, मावा किडीने चिकट झालेली.

"बाई, फोटोत तर काहीच नव्हतं हो."

"कसं असंल? हापिसात जायचा फोटो, साहेब! घाण पान कसं धाडू? पदरानं पुसलं की चांगलं."

हसूही आलं नाही. पाहुण्यांपुढे लेकरू तोंड धुऊनच आणतात. बाईंचं काय चुकलं?

"वाचंल का हो कपाशी?" त्यांनी हळूच विचारलं.

मी वाकून पानं उलटत गेलो. "अर्धी वाचेल. आजच फवारा."

खिशातला फोन वाजला. चिकट बोटांना पडदा दाद देईना. शेवटी शर्टाला बोटं पुसून पाहिलं. दुसऱ्या गावाहून फोटो आला होता. पान चकचकीत होतं.

मी मोटारसायकलला किल्ली लावली.