सावली माझ्यापेक्षा आखूड होईपर्यंत

आमच्या गल्लीत जेवढी लेकरं झाली, त्यातल्या निम्म्यांचं न्हाणं माझ्या पायांवर झालं. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, लेकरू नडगीवर पालथं घालायचं आणि कोमट तेलानं पाठ चोळत त्याच्याशी बोलत राहायचं. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

म्हणून सांगते, धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि मलाच नातीला हात लावता येईना, तेव्हा जीव नुसता तळमळला. कारण माझा खोकला! दिवाळी झाली की माझी छाती भरते, ती संक्रांत उलटली तरी सुटत नाही. दर साली तेच. ताप, कफ, गोळ्या, आठ दिवस बरं, की पुन्हा सुरू.

लेक म्हणाली, "माय, रागावू नको, पण लेकरू एवढंसं हाय. तुझा खोकला जाईस्तोर तू उंबऱ्याच्या बाहेरच."

तिचं चुकत नव्हतं. पण तीन महिने झाले की ती सासरी जाणार, आणि माझा खोकला तर तीन महिन्यांचाच पाहुणा. मग न्हाऊ घालायला शेजारणीला बोलावलं. मी उंबऱ्याबाहेर तोंडाला पदर लावून उभी.

"मान धर, मान! पाणी लई कढत न्हाई ना?"

"काकू, तुमी खोकायचं काम करा," ती वळूनही न बघता म्हणाली, "न्हाऊ घालायचं मी बघते."

शेवटी लेकीनं भावाला मागं लावून मला बीडला डॉक्टरबाईंकडं पाठवलं. फोटोत छातीला मोठं काही निघालं नाही. रक्त तपासलं, तर विटामिन डी लई कमी.

मला हसूच आलं. "बाई, बीडात उन्हाचा तोटा? वैशाखात गच्चीवर पाय ठेवला तर पापडासारखा भाजून निघतो."

"मावशी, ऊन गावावर पडतं. तुमच्या अंगावर कुठं पडतं?"

गाडीत परत येताना तेच डोक्यात. लग्न झाल्यापासून मी आमच्या दुकानाच्या मागच्या खोल्यांत. बाहेर पडले तर डोक्यावर पदर. बरं, रस्त्याच्या कडेला कापूस वेचणाऱ्या बाया दिवसभर उन्हात, पण लुगड्यावर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला रुमाल, नुसते डोळे उघडे. उन्हाच्या मुलखात आपण सगळ्याजणी उन्हापासून लपूनच जगतो, हे मला साठी ओलांडल्यावर दिसलं.

डॉक्टरबाईंनी सांगितलं ते असं. कातडीवर ऊन पडलं की अंग हे विटामिन आपलं आपण बनवतं. सर्दीखोकल्याचे जंतू छातीत शिरले की अंगातले राखणदार त्यांना अडवतात, आणि त्या राखणदारांना जागं राहायला ते लागतं. "पण हे खोकल्याचं औषध न्हाई बरं," त्या म्हणाल्या. "फार कमी असलेल्यांना भरून काढल्याचा थोडा आधार होतो, एवढंच." आठवड्यातून एक पुडी दुधातून घ्यायची, थोडं उन्हात बसायचं, आणि धूर छातीला वाईट म्हणून बाळंतिणीच्या खोलीतली ओवा-शेपाची धुरी बंद. ती धुरी मी वर्षानुवर्षं गल्लीभर दिली होती. मुकाट्यानं शेगडी माळ्यावर टाकली.

उन्हाचं मात्र मी मनावर घेतलं. सकाळी उजाडताच गच्चीवर. कोवळं ऊन चांगलं, हे लहानपणापासून ऐकलेलं. थंडी म्हणून स्वेटर, पायमोजे, कानाला रुमाल. वर लेकानं घर तापू नये म्हणून बांधलेली हिरवी जाळी. तिच्याखाली महिनाभर नेमानं बसले.

महिन्यानं रक्त पुन्हा तपासलं, विटामिन थोडं वाढलेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "ऊन घेता ना?" मी सगळं अभिमानानं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला आणि हसत सुटल्या.

"मावशी, पुडीनं लाज राखली तुमची! त्या उन्हाचा कणसुद्धा अंगाला लागला नसेल."

"कावून? कोवळं ऊन ना ते?"

"कोवळं म्हणजे तिरपं. ते किरण वरच्या वर अडतात. तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड झाली की जा. हात-पाय उघडे ठेवा, थोडा वेळ बसा, भाजेस्तोर नको."

झालं, मला नवा नाद लागला. रोज गच्चीच्या जाळीबाहेरच्या कोपऱ्यात उभी राहायची, सावलीच्या टोकाला खडूची रेघ ओढायची आणि पावलांनी मोजायची. माझी उंची आधीच पावलांत मोजून ठेवलेली. माघात अकराच्या आसपास सावली हार मानायची. शेजारीण खालून ओरडायची, "काकू, जमिनीची मोजणी हाय का?"

नातीला लेक रोज ड्रॉपरनं थेंब पाजायची. ते याच विटामिनाचे, हे मला तेव्हा कळलं.

"हिनं अजून जगच बघितलं न्हाई, हिला कमी कावून?"

"माय, अंगावरच्या दुधात ते फारसं नसतं. आन् माझ्यातच कमी होतं, तर हिला कुठून मिळणार?"

म्हणजे आम्ही तिघी एका माळेचे मणी. दुसऱ्या दिवसापासून लेकही बाह्या वर करून माझ्याशेजारी बसायला लागली.

माघ सरता सरता खोकला गेला. डॉक्टरबाईंनी छाती तपासून "आता घ्या नातीला" म्हटलं, तेव्हा मी विचारलं, उन्हानं गेला, पुडीनं, की धुरी बंद केल्यानं? का त्याची वेळच झाली होती? त्या म्हणाल्या, "छातीठोक मलाही सांगता येणार न्हाई. पुढच्या थंडीत बघू."

लेक जायला चार दिवस उरले होते. चारही दिवस नात माझ्या पायांवर होती. पहिल्याच दिवशी तेल लावताना तिनं माझं लुगडं भिजवून टाकलं.

उंबऱ्यावर लेक आणि शेजारीण उभ्या. लेक राहून राहून सांगत होती, "माय, मान धर, मान!"