गार्लंड पेलीनं दार वाजवलं

न्यूफाउंडलंडजवळच्या टर्न बेटावर दार वाजवायची पद्धत नव्हती. खटका दाबायचा, बुटांचा चिखल उंबऱ्याशी झटकायचा आणि सरळ स्वयंपाकघरात शिरायचं. आत घरची बाई पीठ मळत असो की नवराबायकोचं भांडण ऐन रंगात आलेलं असो, आलेला माणूस चुलीशेजारच्या बाकावर बसायचा आणि भांडण पुढं चालू राहायचं. फक्त आता त्याला पंच मिळालेला असायचा. दार वाजवायचे ते परके. अधूनमधून बोटीनं येणारा पाद्री वाजवायचा, पोलीस वाजवायचा, आणि नाताळात तोंडावर फडकी बांधून सोंगं घेणारे वाजवायचे, कारण तेवढ्या वेळापुरतं त्यांना परकं व्हायचं असायचं. दारावर टकटक झाली की घरातलं कुत्रंसुद्धा गोंधळून जायचं.

गार्लंड पेली या बेटावरचाच. तो नीट चालायला लागण्याआधीच त्याची आई गेली. बाप उन्हाळाभर लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर कॉड मासे मारायला जायचा. गार्लंडला वाढवलं ते शेजारच्या ट्रायफीना काकूनं. वाढवलं म्हणजे तिनं काही त्याला दत्तक घेतलं नाही. तो सकाळी उठून तिच्या स्वयंपाकघरात जायचा आणि ती त्याला हाकलायची नाही, एवढंच. पावावर काकवी, चहातही काकवी, आणि वरून पाठीत एक धपाटा. तिचा विल्फ आणि हा एकाच बाकावर उलटसुलट झोपायचे. पुढं ऐन विशीत विल्फ होडीसकट गेला तो सापडलाच नाही. काकूचा नवरा त्याच्या आधीच गेलेला. तेव्हापासून तिची लाकडं फोडणं, पाणी भरणं हे सगळं गार्लंडकडं आलं. दर शनिवारी तो एक चांगला कॉड तिच्या ओट्यावर आपटायचा आणि म्हणायचा, "हा घे काकू तुझा दुसरा नवरा."

"पहिल्यापेक्षा देखणा आहे," काकू म्हणायची. "नि बोलतोही तेवढंच. बस गार्ली, चहा टाकते."

गार्लंडच्या हातात कसब होतं. त्यानं बांधलेली होडी गळत नसे आणि त्यानं बसवलेलं दार कुरकुरत नसे. स्वभावानं मात्र मऊ. चौघांना हवं ते त्याला हवं असायचं, आणि चौघं हसले की तोही हसायचा, विनोद नंतर विचारून घ्यायचा. लोक त्याला भला माणूस म्हणायचे. होताच तो भला. पण भलेपणा आणि भित्रेपणा यांची घरं त्याच्यात लागून लागून होती आणि मधे कुंपण नव्हतं.

न्यूफाउंडलंड कॅनडात सामील होऊन थोडी वर्षं झाली आणि सरकारनं ठरवलं की ही चिमूटभर वस्तीची बेटं रिकामी करावीत. लोकांनी मोठ्या जमिनीवर यावं, रस्ता, शाळा, दवाखाना असेल तिथं राहावं. हलायचा खर्च सरकार देणार होतं. अट एकच, बेटावरच्या झाडून सगळ्या घरांनी हो म्हटलं पाहिजे. एक घर नाही म्हणालं तर कोणालाच काही मिळणार नाही. सरकारी साहेब हे सांगून बोटीनं निघून गेला आणि गावाच्या गळ्यात गावाचीच माणसं अडकवून गेला.

बेटाचे दिवस वाईट होते हेही खरं. शाळेतली बाई गेली ती परत आली नाही. व्यापाऱ्यानं दुकान बंद केलं. खारवलेल्या माशाला कोणी विचारेना. आणि गार्लंडच्या लहानग्या पोरीची, विडाची, छाती भरायची. हिवाळ्यात समुद्र गोठला की डॉक्टरची बोट यायची नाही. एफी, त्याची बायको, पोरीला मांडीवर घेऊन उकळत्या किटलीच्या वाफेशी धरायची आणि गार्लंड भिंतीला टेकून उभा राहायचा. दुसरं काही त्याला करता येत नव्हतं.

सगळ्या घरांनी हो म्हटलं. ट्रायफीना काकू नाही म्हणाली.

"माझा विल्फ इथनं गेलाय," ती म्हणाली. "मेलाय, कळतं मला. येडी नाही झाले अजून. पण मेलेल्यालाही पत्ता लागतो."

सुरुवातीला सगळ्यांनी गोडीगुलाबीनं घेतलं. बायकांनी केक नेऊन दिले, पुरुषांनी तिचं छप्पर न सांगता शाकारून दिलं. काकूनं केक खाल्ले, छपराबद्दल आभार मानले आणि नाही म्हणाली. मग एक दिवस गावचा विदूषक चेस बर्टनं तिचं दार वाजवलं. टकटक. "सरकारी साहेब आलेत, बाईसाहेब!" आत-बाहेर सगळे हसले. काकूही हसली. "ये मेल्या आत, चहा घे." चेस आत गेला नाही. ते कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आणखी कोणी वाजवलं. या खेपेला हसणं जरा कमी झालं. मग पीठ परत करायला आलेली बाई दार वाजवून उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मग पोरंही वाजवायला लागली. कोणी ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर कोणीतरी नको म्हणाला असता. महिनाभरात सगळं गाव तिच्या दाराशी परकं झालं. काकू प्रत्येक वेळी दार उघडायची आणि म्हणायची, "अगं, उघडंच आहे. आत ये की." आणि समोरची बाई खाली बघून म्हणायची, "नको, घाईत आहे."

आत जात होता तो एकटा गार्लंड. हे लोकांना खुपायला लागलं.

"तुझं बरं चाललंय," धक्क्यावर चेस त्याला म्हणाला. आजूबाजूला चारपाच जण जाळी दुरुस्त करत बसलेले. "घरी पोरगी खोकते आणि तू तिकडं बसून काकवी चाटतोस."

"मी बोलतो ना तिच्याशी."

"बोलून झालं. बोलण्यानं हलणारी बाई आहे का ती?" चेसनं मानसुद्धा वर केली नाही. "वाजव दार. तू वाजवलंस की संपलं."

त्या शनिवारी गार्लंड कॉड घेऊन निघाला. धक्क्यावरची माणसं जाळी खाली ठेवून बघत होती. चढ चढताना त्याला पाठीवर त्यांची नजर जाणवत होती आणि पुढं ते दार दिसत होतं. खटक्याच्या जागी त्याच्याच अंगठ्यानं रंग उडालेला होता. लहानपणी तिथं हात पोचायचा नाही म्हणून तो उडी मारायचा. त्यानं अंगठा पुढं नेला. मग मूठ वळली आणि त्यानं दार वाजवलं.

आत कुठल्याशा भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला.

"कोण आहे?" काकूनं विचारलं. वाळूवरची त्याची पावलं ती झोपेतही ओळखायची.

"मी. गार्लंड."

तिनं दार उघडलं. त्याच्याकडं बघितलं, मग त्याच्या खांद्यावरून खाली धक्क्याकडं बघितलं. पुन्हा त्याच्याकडं बघितलं. तिनं मासा दोन्ही हातांनी घेतला.

"तुम्ही कशाला तसदी घेतलीत, मिस्टर पेली," ती म्हणाली. "आभारी आहे." आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. नव्या बिजागऱ्या म्हणजे गार्लंडचंच काम, दार आवाज न करता लागलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "माझी हरकत नाही," ती म्हणाली. "इथं मला ओळखणारं आता कोणी राहिलं नाही, तेव्हा कुठंही राहिले तरी सारखंच." चेसनं टाळी वाजवायला हात उचलले होते, ते तसेच खाली घेतले.

लाकडी घरं अख्खीच्या अख्खी पाण्यावरून तरंगवत मोठ्या जमिनीवर न्यायची होती. भरतीला, वारा पडलेला बघून, खाली रिकामी पिंपं बांधून. काकूच्या घराला पिंपं गार्लंडनं बांधली. इतकं काळजीपूर्वक की एफी म्हणाली, "स्वतःच्या घराला इतकं करत नाहीस." त्यानं दोर आणखी आवळला. घर पाण्यात उतरलं, थोडं झुललं आणि त्याच्या मोटरबोटीमागं शांतपणे यायला लागलं, पडदे लावलेलेच. काकू बोटीत मागच्या बाजूला बसली होती, घराकडं तोंड करून. गार्लंडनं सगळ्या खाडीत एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

पलीकडच्या नॉर्थ आर्म गावानं त्यांना जागा दिली ती कडेची, दलदलीची. गावकरी त्यांना 'तरंगून आलेले' म्हणायचे. होड्या बांधणारा गार्लंड लाकडाच्या वखारीत फळ्या रचायला लागला. पण डॉक्टर खरोखरच रस्त्याच्या पलीकडं होता. विडा दोन हिवाळे दवाखान्यात राहिली आणि गाल भरून परत आली. पोर जगली. याचा आनंद गार्लंडला होता, आणि हा आनंद कशावर उभा आहे हेही त्याला माहीत होतं. चेसलाही कधी ना कधी वाईट वाटलं असेल, पण चेसला वाईट वाटल्याचं कोणी पाहिलं नाही. गार्लंडकडं बघून मात्र कुणालाही कळावं. काकू रस्त्यात दिसली की तो टोपी काढायचा आणि ती टोपी कुठं ठेवावी हे त्याला सुचायचं नाही.

पहिल्याच हिवाळ्यात काकूनं त्याला रस्त्यात थांबवलं. "मिस्टर पेली, दाराला आतून एक कडी बसवून द्याल का? इथं सगळे लावतात म्हणे."

त्यानं बसवली. चांगली, जाड, लोखंडी. दार उघडं ठेवून, उंबऱ्याबाहेर गुडघ्यांवर बसून. तिनं पैसे पुढं केले तेव्हा त्याला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

त्यानंतर वर्षानुवर्षं शनिवारी तिच्या पायरीवर मासा असायचा, कागदात गुंडाळलेला. पायऱ्याही त्यानंच बांधल्या, पन्हळ लावली, बर्फ काढलं. घराबाहेरचं सगळं केलं. विडा मात्र मांजरासारखी आत-बाहेर करायची, मागच्या दारानं, खुशाल. काकू तिला धपाटे घालायची.

"बाबा, तुम्ही आत का येत नाही?" विडा विचारायची.

"बूट चिखलाचे आहेत."

"आज बर्फ आहे. चिखल कुठला?"

एफी चुलीशी काहीतरी जोरात ढवळायची. तिला सगळं माहीत होतं, आणि तिनंच तेव्हा रात्ररात्र पोरगी धरून ठेवली होती, म्हणून तीही बोलायची नाही.

मग काकूला एक झटका येऊन गेला. बरी झाली, पण उजवा पाय ओढत चालायला लागली. विडा आता परिचारिकेचं शिकत होती. घरी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, काय असेल ते आताच बोलून टाका. पुढचा हिवाळा तिचा नाही."

गार्लंडनं दाढी केली. रविवारचा कोट घालायला घेतला आणि परत काढून ठेवला, कोट घालून माणूस पाहुणा दिसतो म्हणून. कामाचाच स्वेटर घातला. वाटेत त्यानं ठरवलं की वाजवायचं नाही. काही बोलायचंही नाही. खटका दाबायचा, बूट झटकायचे आणि बाकावर जाऊन बसायचं, बस्स. मग ती काय बोलायची ते बोलेल. शिव्या घालेल तर फारच उत्तम.

पुढच्या दाराशी तो विचार करत थांबला नाही. अंगठ्यानं खटका दाबला आणि खांदा लावला.

दार हललं नाही. आतून कडी होती. जाड, लोखंडी, तसूभर न हलणारी. त्याचंच काम होतं ते.

मागच्या दारानं जायची त्याला लाज वाटली, ते विडाचं दार होतं. परत फिरायचीही लाज वाटली. तो बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी त्यानं दार वाजवलं.

"कोण आहे?"

"मी. गार्लंड."

पाय ओढत येण्याचा आवाज झाला, कडी सरकली. काकू केवढीशी झाली होती. "या, मिस्टर पेली," ती म्हणाली आणि त्याला समोरच्या खोलीत घेऊन गेली, पाद्री आला तर बसवायची ती खोली, जिथं एरवी मेलेल्यालाच ठेवतात. खुर्चीवरची झालर तिनं हातानं सारखी केली. "बसा."

आतलं दार उघडं होतं. चूल दिसत होती, तो बाक दिसत होता, बाकावर विडाचा लाल स्वेटर पडलेला. पाव भाजल्याचा वास येत होता. गार्लंड खुर्चीच्या कडेवर बसला. वाटेत ठरवलेलं सगळं विसरला.

"काकू," तो म्हणाला, "मी तेव्हा दार वाजवलं."

"हो," काकू म्हणाली. "ऐकलं मी."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्यानं शोधला. थोडा जरी सापडला असता तरी त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. ती पाय ओढत आत गेली आणि फुलांच्या नक्षीचा चांगला कप, बशीसकट, घेऊन आली. पाय ओढताना हिसका बसून कप बशीवर वाजत होता. त्यानं उठून मदत करायला हवी होती, पण पाहुण्यानं उठावं की नाही हे त्याला कळेना.

"साखर किती घालू तुम्हाला?" तिनं विचारलं.

गार्लंडनं जन्मात कधी चहात साखर घेतली नव्हती. चुलीवरच्या फळीवर काकवीची बरणी त्याला बसल्या जागेवरून दिसत होती.

"दोन चमचे," तो म्हणाला.