लॅबमधली ती डिस्क रामटेके सरांनी पुसली नव्हती

मी पुसली होती.

काल रामटेके सर गेले. आज सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज आला, "आपल्या लॅबचा कॉम्प्युटर उडवणारे रामटेके वारले." खाली एक हसणारा चेहरा. मग रांगेनं जोडलेले हात.

हसणारा चेहरा कोणी टाकला ते मला माहीत आहे. त्याला लिनक्स कोणी शिकवलं तेही माहीत आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रामटेके सर आमच्या कॉलेजात लॅब अटेंडंट होते. कागदावर परिचर. लॅब उघडायची, पंखे लावायचे, धूळ पुसायची, कुलूप लावायचं. रोज सौंदडहून ट्रेननं यायचे.

आम्ही सर म्हटलं की ऑफिसातले बाबू चिडायचे.

"त्याले सर कायले म्हणता बे? चपराशी होय तो."

म्हणायचो, कारण शिकवायचे तेच.

सिलॅबसमध्ये लिनक्स होतं आणि मशीनवर विंडोज. विंडोज काढायची परवानगी नव्हती. आमच्या विभागप्रमुखांनी लिनक्स फक्त पुस्तकाच्या कव्हरवर पाहिलं होतं.

सरांनी विंडोजच्या आतच व्हर्च्युअल मशीन बसवलं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर. त्याची डिस्कसुद्धा खोटी, नुसती एक फाइल. त्यावर लिनक्स टाका, मोडा, परत टाका. खऱ्या मशीनला काही होत नाही.

तरी "पूर्ण डिस्क पुसली जाईल" अशी सूचना आली की आमचे हात थांबायचे.

"काऊन भिऊन राहिली वं? पुसू दे. थे खरी डिस्क नाही, फाइल होय."

अशी आमची अख्खी बॅच लिनक्स शिकली.

त्या दिवशी माझं अर्धं इन्स्टॉलेशन झालं आणि लाइट गेली. लोडशेडिंग. यूपीएस नुसता शोभेचा. सर जनरेटर पाहायला मागे गेले.

लाइट आली. मी बटण दाबलं. लिनक्सचं इन्स्टॉलेशन आपोआप सुरू झालं. मला वाटलं, वा, आपलं व्हर्च्युअल मशीन परत आलं!

कसलं काय. इन्स्टॉलेशनसाठी घातलेली लिनक्सची सीडी ड्राइव्हमध्येच राहिली होती, आणि खरा कॉम्प्युटरच त्या सीडीवरून सुरू झाला होता.

स्क्रीन तोच. प्रश्न तेच. पूर्ण डिस्क पुसायची का?

मी न भिता हो म्हटलं. भिऊ नये असंच तर शिकले होते.

सर आले, वाकून पाहिलं. "डिस्कची साइज पाहिली होती का, बाई?"

आवाज जरासुद्धा चढला नाही. आमची खोटी डिस्क आठ जीबीची असायची. इथे एकशे साठ दिसत होते.

लॅबमध्ये जास्त रॅम असलेलं ते एकच मशीन. म्हणून आमचा सराव तिथे, आणि विभागप्रमुख साहेबांनी ठेवलेले दोन बॅचचे इंटर्नल मार्कही तिथेच. दुसरीकडे कॉपी नाही.

साहेब धावत आले. गोंदियाचे, रागावले की हिंदीत जायचे.

"किसने किया? जिसने किया उसका एग्जाम फॉर्म नहीं जाएगा!"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

"माह्याकडून झालं, साहेब," रामटेके सर म्हणाले.

मी तोंड मिटलं.

मार्क शिक्षकांच्या वह्यांवरून आठ दिवसांत परत भरले गेले. कोणाचंच काही बिघडलं नाही. सरांची मात्र लॅबची किल्ली त्याच दिवशी काढून घेतली आणि त्यांना घंटा द्यायला व्हरांड्यात बसवलं. परत लॅबमध्ये घेतलं नाही. शेवटपर्यंत नाही.

आणि आमच्यानंतरच्या बॅचेसनी लिनक्सचं प्रॅक्टिकल कसं केलं माहितीये? जर्नलमध्ये पेन्सिलनं स्क्रीन काढून! पट्टीनं चौकोन आखायचा, आत "नेक्स्ट"चं बटण काढायचं. तपासून सही करणारे तेच साहेब.

आज मी पुण्यात सर्व्हर सांभाळते. दिवसाला चार व्हर्च्युअल मशीन उभी करते नि पाडते. पोरांच्या सरावाच्या मशीनवर, बॅकअप न घेता, असा डेटा ठेवणाऱ्या माणसाला आमच्याकडे कोणी दारात उभं करणार नाही. तिकडे तो प्राचार्य झाला.

पण सगळा राग त्यांच्यावर काढून मी सुटत नाही. निकाल लागल्यावर बोलता आलं असतं. नोकरी लागल्यावर तर माझं कोण काय वाकडं करणार होतं?

एकदा मुद्दाम सौंदडला उतरून सरांच्या घरी गेले. म्हटलं, "सर, मी कॉलेजला लेखी देते."

"राहू दे वं. थे मशीन भंगारात गेली. तुह्यं बरं चालू आहे ना?"

ते राहू दे म्हणाले आणि मी राहू दिलं. मला तेच सोयीचं होतं. याची लाज वाटते.

आज कॉलेजात फोन केला. म्हटलं, उद्याच्या शोकसभेत माझं पत्र वाचा. फोनवर साहेबच होते, या वेळी गोड मराठीत.

"आता कशाला उकरता, मॅडम? माणूस तर गेला."

माणूस गेला. त्याची मुलगी आहे ना. ती आमच्याच कॉलेजात शिकली. तीन वर्षं तिनं ऐकलं की तुझ्या बापानं लॅबचा कॉम्प्युटर उडवला. काल बाप गेला, आणि आज परत तेच वाचतेय.

पत्र वाचणार नसाल तर नका वाचू. मी उद्या येते आहे. हार घालायला साहेब पुढे होतील, त्याआधी मी उभी राहून बोलणार आहे. तिच्या समोर, सगळ्यांच्या समोर.

सर, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, आणि खरं बोलायला मी तुमच्या मरणाची वाट पाहिली.

माफी मागायला तोंड नाही. तरी मागते.

जयभीम, सर.