चुन्याचे अकरा बाण

वाट चुकू नये म्हणून मी रानातल्या दगडांवर चुन्याने बाण काढले. शेजारच्या तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत, हे मला माहीत होतं. तरी काढले.

आमच्या कॉलनीतले चौघे रविवारी कुठेतरी पायी फिरून येतात. मला बोलवत नाहीत, कारण मागच्या खेपेला मी त्यांना शॉर्टकट दाखवला होता. म्हणून या हिवाळ्यात एकटाच निघालो. यवतमाळहून मारेगाव, तिथून झरीकडे जाणारी एसटी, आणि मधल्या एका फाट्यावर उतरून नाल्यापर्यंत तासाभराची पायवाट. कंडक्टरने उतरवताना बजावलं, "चारला हीच गाडी वापस येते. हात दाखवा. नाही दिसले तर आपन थांबत नाही." त्यानंतर त्या रस्त्याला गाडी नव्हती. चारचं गणित डोक्यात घट्ट बसलं आणि तिथूनच अक्कल पळाली.

तंबाखूची माझी डबी दोन तोंडांची आहे. एकीकडे तंबाखू, दुसरीकडे चुना. पहिल्या फाट्याला वाट दुभंगली तशी मी बोट चुन्यात बुडवलं आणि दगडावर ठसठशीत बाण काढला. स्वतःवर बेहद्द खूश झालो. पुढे कपाशीच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक, मोहाच्या झाडाखाली एक, असे अकरा बाण काढले.

सातव्या बाणाला मागे कोणीतरी खोकलं.

वळून पाहिलं. धोतर, डोक्याला टॉवेल, खांद्यावर कुऱ्हाड असा एक म्हातारा. मी थांबलो तसा तोही थांबला आणि एका पळसाकडे असा बघत राहिला, जणू जन्मात पहिल्यांदाच पळस बघतोय. मी चाललो, तो चालला. मी बुटाची लेस बांधायच्या मिषाने मोबाइल मोज्यात सरकवला. पाकीट डब्यात, भाकरीखाली लपवलं. मग एका सागाआड उभा राहिलो. सागाचा बुंधा वीतभर, माझा घेर तुम्ही पाहिलेला नाही, तेवढं बरं. म्हाताऱ्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि बिडी पेटवून खाली बसला.

नाल्यावर डबा मांडीत घेऊन जेवलो. ठेच्याचं तेल पाकिटाला लागलं. पाणी कसं होतं, पक्षी कोणते होते, काही विचारू नका. माझं सगळं लक्ष मागच्या वाटेकडे होतं आणि आता त्या वाटेवर म्हातारा नव्हता. तो दिसत होता तोवर बरं होतं, असं वाटायला लागलं.

अडीचला परत फिरलो. अकरावा बाण जाग्यावर नव्हता. दगड होता, ओला होता, बाण नव्हता. दहावा नाही. नववा नाही. म्हातारा खुणा पुसतोय, म्हणजे मी हरवणार, मग हा मोज्यापर्यंत पोचणार. आठव्या दगडापाशी वाट पुन्हा दुभंगली. डावी की उजवी, काही केल्या आठवेना. दहा मिनिटं डावीकडे गेलो, परत आलो, उजवीकडे गेलो, परत आलो. तिसऱ्यांदा आलो तर म्हातारा दगडावर बसलेला. हातात ओला टॉवेल.

"चुना तुमचाच ना?" त्याने विचारलं.

"तुम्ही माझ्या मागे काहून लागले, काकाजी?"

"तुमी माह्या वावरात चुना काहून लावला?"

मी डबी असलेला खिसा हाताने झाकला. तो म्हणाला, "राजूरच्या खाणीपाशी माह्या साळ्याचं वावर होतं. त्याच्या धुऱ्यावर असाच चुना लागला. मंग झेंडी आली, मंग मोजनीची टेप आली. आता त्याच्यापाशी फटफटी हाय, वावर नाही. माह्यं हे दोनच एकर हाय. कोन्या साहेबानं पाठवलं तुमाले?"

"कोणी नाही. मी फिरायला आलो."

"फिरायले," तो म्हणाला. त्या एका शब्दात मी खोटारडा ठरलो. "इथं काय हाय फिरायले?"

मी बॅग उघडून दाखवली. कागद नाहीत, नकाशा नाही, टेप नाही. त्याने डबा उघडला, उरलेल्या भाकरीखालून तेलकट पाकीट निघालं. तो पाकिटाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला. शेवटी मी डबी पुढे केली. त्याने दोन्ही तोंडं उघडली, वास घेतला, चिमूटभर तंबाखू मळून दाढेखाली ठेवली. डबी परत दिली, संशय मात्र ठेवून घेतला.

"धुऱ्यावरचा एक ठेवला हाय," तो म्हणाला. "तो तुमी पुसा. माह्या डोयापुढं."

तो पुढे, मी मागे, असे धुऱ्यापर्यंत आलो; त्याच्या कपाशीच्या कडेला मी गुडघे टेकले आणि प्यायचं उरलेलं पाणी ओतून रुमालाने दगड घासला. तो वर उभा राहून सांगत होता, "त्या कोपऱ्यात हाय अजून. घासा." बाण गेला तेव्हा त्याने खाली वाकून दगडावर तळहात फिरवला, हात बघितला, आणि मगच घड्याळाकडे बघायची मला सवड मिळाली. चारला दहा कमी.

"काकाजी, पुढच्या फाट्याला डावी वाट की उजवी?"

"कोनतीबी. ढोरायच्या वाटा हाय त्या. दोन्ही सडकेवरच निंगते."

खरंच पाच मिनिटांत डांबरी रस्ता आला, म्हाताराही मागोमाग आला. एसटी आली, मी दोन्ही हात हलवले. कंडक्टरने दार उघडलं आणि माझे चिखलाचे गुडघे पाहून म्हाताऱ्याला विचारलं, "पावने का तुमचे?"

"नाही बा," म्हातारा म्हणाला. "मी समजलो मोजनीचा मानूस हाय. पन सिध्या वाटेवर चुना लावून बी जो हरपते, त्याले मोजनीले कोन ठेवन?"