पंचांच्या अंगणातलं सारवण

हे मी लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळा पाहिली नाही, आणि कॉलेजात आलो म्हणून लिहिता येतं असंही नाही. चूकभूल झाली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण बाईबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही, आणि मला आता गप्प बसवत नाही.

आरमोरीच्या पुढे, तलावाच्या काठी आमचा मासे धरणाऱ्या ढिवरांचा मोहल्ला. त्याला लागून ख्रिस्ती लोकांची चार घरं आणि त्यांचं लहानसं चर्च. बाई त्यातल्याच एका घरातली, आमची शेजारीण. धान कापून झालं, थंडी पडली, की ती शेणाची पाटी डोक्यावर घेऊन निघायची. कुठे म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर.

"तो येऊन राह्यला, बाबू. आंगन नको का सारवाले?"

तो म्हणजे येशू. नाताळाच्या आधीच्या आठवड्यांना ते लोक आगमनकाळ म्हणतात. चर्चमध्ये जांभळं कापड लागायचं, प्रार्थना व्हायच्या. बाई प्रार्थना करायचीच, पण तिची खरी तयारी वेगळी. वर्षभरात ज्याच्याशी तिचं वाजलं असेल, त्याचं अंगण ती न सांगता जाऊन सारवायची.

एका वर्षी आईनं वाळत घातलेली मासोळी बाईच्या कोंबड्यांनी खाल्ली. दोघी महिनोन्‌महिने बोलत नव्हत्या. मग एका सकाळी आई दार उघडते तर बाई वाकून आमचं अंगण सारवतेय. आईनं चिडून विचारलं, माह्या आंगनात काऊन?

"भांडन तुह्या आंगनात झालं. मंग सारवू कुठी, तलावात?"

आईला हसू आवरेना. दोघी चुलीपुढे चहा पीत बसल्या.

पुढे बाईच्या मुलीनं माझ्या चुलतभावाशी लग्न केलं. आमच्या जातीनंही कुरकुर केली, पण दंड म्हणून एक जेवण घेतलं आणि विषय मिटवला. चर्चमध्ये तो मिटला नाही. पाद्रीसाहेब चांद्याहून कधीमधी यायचे. एरवी सगळा कारभार पंचांच्या हाती, आणि पंच म्हणजे बाईचा सख्खा दीर. त्यांनी सांगून टाकलं की वहिनीनं यावं, मुलीनं चर्चच्या आत पाऊल टाकायचं नाही. मुलीनं प्रभू सोडला नव्हता. लग्नानंतरही ती रोज प्रार्थना करायची. ते कुणी विचारलंच नाही.

बाईनं चर्च सोडलं नाही आणि मुलीलाही सोडलं नाही. पोरगी आत जाईल तेव्हाच मी जाईन, असं म्हणून ती मुलीसोबत बाहेर पायरीवर बसू लागली. आत गाणं सुरू झालं की दोघी बाहेरून सूर धरायच्या. नाताळाला पंच शास्त्र वाचायचे. मरियेला बाळंतपणासाठी धर्मशाळेत जागा मिळाली नाही, हे वाचताना ते मध्येच थांबून डोळे पुसायचे. मी बाहेर कडुलिंबाखाली उभा राहून ऐकायचो. समोर पायरीवर मायलेकी. पंचांना ते दिसत कसं नव्हतं, हे मला आजवर समजलेलं नाही.

आणि तरी आगमनकाळ आला की बाई त्यांच्याच अंगणात. सारवण ओलं असतानाच पंच त्यावर बादल्या ओतायचे. म्हणायचे, वहिनी, हे शेनाचं काम हिंदूचं हाय.

"आन पानी कुठचं वतलं, भाऊजी? विलायतेचं?"

पुढच्या रविवारी ती पुन्हा हजर. मला संताप यायचा. मी एकदा तिला बोललोच, की तो माणूस या जन्मी बदलणार नाही, तू कशाला हात थंड करतेस?

तिनं हात धुतले, पदराला पुसले.

"त्याच्यासाठी नाई जात, बाबू. त्याच्याबद्दल माह्याच मनात लई घान साचते. ते घेऊन नाताळाले कशी बसू?"

मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी नागपूरला होतो. नाताळ होऊन गेल्यावर चुलतभाऊ, बाईचा जावई, तांदळाची गठडी घेऊन वसतिगृहात आला. गठडी खाली ठेवली आणि म्हणाला, "बाई गेली."

आगमनकाळातच तापानं गेली. पंचांनी स्वतः घंटा वाजवली. जिला इतकी वर्षं पायरीवर बसू दिलं, तिची पेटी त्यांनी चर्चमध्ये अगदी पुढे ठेवली. या माउलीनं आपल्याला प्रभूच्या येण्याची तयारी शिकवली, असं भाषण केलं. मुलगी पेटीमागून आत जाऊ लागली, तर दारात हात आडवा घातला. आईची शेवटची प्रार्थना तिनं पायरीवरून ऐकली.

भाऊ पुढे सांगत राहिला. नाताळाच्या आदल्या दिवशी मुलगी मायची पाटी घेऊन गेली आणि पंचांचं अंगण सारवून आली.

"पानी वतलं त्यानं?"

"नाई. खिडकीतून पाहत होता. सकाळी त्याच सारवनावरून चालत चर्चात गेला."

"आन ती?"

"पायरीवर."